न्यायमूर्तींच्या चेंबरमधील एक वर्ष : कोणाच्या हिशेबी?

गेल्या महिन्यात आमच्या जिल्ह्यातील कार्यकर्त्यांच्या अभ्यासशिबिरात एका तरुण साथीने प्रश्न विचारला. ही मुलगी साफसफाई कामगारांच्या वस्तीत वाढलेली, घराण्यातील पहिली पदवीधर, नुकतीच सनद घेतलेली. प्रश्न साधा होता. सर्वोच्च न्यायालयातील न्यायमूर्तींच्या हाताखाली मुदतीच्या करारावर लॉ क्लार्क म्हणून काम करण्यासाठी परीक्षा असते; त्या परीक्षेचा अर्ज भरावा की भरू नये?

तिला तीन उत्तरे मिळाली. एक ज्येष्ठ साथी म्हणाले, "म्हणजे तूही गेलीस!" आणि शिबिर हसले. दुसरे एक सहानुभूतीदार वकील म्हणाले, "डोळे मिटून जा, आयुष्याचे कल्याण होईल." तिसरे म्हणाले, "जाऊ द्या तिला. तिथे आत आपलाही एखादा माणूस असायला हवा." ही तीनही उत्तरे चुकीची आहेत, असे आमचे मत आहे. आणि ती केवळ चुकीची नाहीत, तर कायदा, न्यायालय आणि चळवळ यांच्या परस्परसंबंधाविषयी आपल्यात रुजलेल्या तीन गैरसमजांची ती द्योतक आहेत. म्हणून त्यांचा समाचार जाहीरपणे घेणे आवश्यक वाटते.

प्रथम वस्तुस्थिती काय आहे ते पाहू. लॉ क्लार्क हा न्यायालयाच्या कार्यालयातील कारकून नव्हे. तो न्यायमूर्तींचा संशोधन-साहाय्यक होय. दाखल करून घ्यावयाच्या विशेष अनुमती याचिकांची टिपणे काढणे, मुद्द्यावरचे जुने निवाडे शोधणे, सुनावणीची टाचणे घेणे, निकालपत्राच्या मसुद्यातील संदर्भ तपासणे, असे त्याचे काम असते. ही प्रथा मुळात अमेरिकेतली. तेथील सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती होरेस ग्रे यांनी १८८२ साली हार्वर्डचा एक पदवीधर स्वतःच्या खिशातून पगार देऊन मदतीला घेतला, तेथून ती सुरू झाली. आपल्याकडे सर्वोच्च न्यायालयात आणि मुंबई उच्च न्यायालयासह अनेक उच्च न्यायालयांत ती रुळली आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या २०२५ च्या जाहिरातीत या कामाचे मानधन दरमहा ८०,००० रुपये दिलेले होते. निवड वस्तुनिष्ठ प्रश्न, लेखी परीक्षा आणि मुलाखत अशा तीन टप्प्यांत होते. नेमणूक अल्प मुदतीची आणि निव्वळ कराराची. त्या काळात वकिली करता येत नाही.

आता पहिले उत्तर घेऊ. "म्हणजे तूही गेलीस" असे म्हणणाऱ्या साथींच्या मनात खोटेपणा नाही, हे आम्ही जाणतो. पंचवीस-तीस वर्षांत चळवळीच्या शाळेत शिकलेली आणि पुढे मोठ्या कंपन्यांच्या वकिलांच्या रांगेत जाऊन बसलेली माणसे त्यांनी पाहिली आहेत. त्यांच्या कडवटपणाला आधार आहे. परंतु कडवटपणा म्हणजे विश्लेषण नव्हे. या मुलीने त्यांना उलट विचारले असते की, "मी येथेच कामगार न्यायालयात ज्युनिअर म्हणून राहिले, तर माझ्या घरचे रेशन कोण भरणार?", तर त्यांच्याकडे काय उत्तर होते? तालुक्याच्या आणि जिल्ह्याच्या ठिकाणी ज्युनिअर वकिलाला पहिली दोन-तीन वर्षे काय मिळते, हे ज्याने बार रूममध्ये पाय ठेवला आहे त्याला सांगावे लागत नाही. सीनिअरची बॅग, तारखा घेणे, पुरशिस देणे, आणि सणासुदीला पाकीट. बार कौन्सिल ऑफ इंडियाने ऑक्टोबर २०२४ मध्ये परिपत्रक काढून शहरात दरमहा किमान २०,००० आणि ग्रामीण भागात १५,००० रुपये विद्यावेतन ज्युनिअरांना द्यावे, असे म्हटले. पण ती शिफारस होती, सक्ती नव्हे. ज्यांच्या घरी शेती आहे, दुकान आहे किंवा वडिलांची चालती वकिली आहे, ते या काळात तग धरतात. ज्यांच्या घरी रोजंदारी आहे, ते दुसऱ्या वर्षी काळा कोट खुंटीला लावून विमा कंपनीच्या किंवा बँकेच्या कचेरीत जातात. म्हणजे गरिबांचे वकील होण्याची ऐपत गरिबांच्याच मुलांना नाही, अशी ही व्यवस्था आहे. या व्यवस्थेविरुद्ध आपण काय केले? मग एवढ्या मानधनाच्या कामाकडे पाहणाऱ्या मुलीला हसण्याचा अधिकार आपल्याला कोठून मिळाला?

शुद्धतेच्या आग्रहाने बोलणाऱ्यांनी जरा इतिहासही आठवावा. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२३ साली मुंबईत वकिली सुरू केली. पुढे १९२८ साली त्यांनी सरकारी लॉ कॉलेजात अध्यापन पत्करले आणि १९३५ साली ते त्याच महाविद्यालयाचे प्राचार्य झाले. सरकारी पगार घेतला म्हणून महाडचा माणूस सरकारचा झाला काय? त्याच बाबासाहेबांनी १९३८ साली मुंबई कायदेमंडळात औद्योगिक विवाद विधेयकाला कडाडून विरोध केला आणि ७ नोव्हेंबर १९३८ च्या संपात, कम्युनिस्टांशी तीव्र मतभेद असूनही, ते त्यांच्यासोबत उभे राहिले. पोटासाठी घेतलेले काम आणि विकलेली निष्ठा यांत फरक असतो, आणि तो फरक पगाराच्या आकड्यावरून ओळखता येत नाही. माणूस पुढे कोणाच्या बाजूने उभा राहिला, यावरूनच तो ओळखावा लागतो.

दुसरे उत्तर अधिक घातक आहे, कारण ते गोड आहे. "डोळे मिटून जा" म्हणणाऱ्यांच्या दृष्टीने हे वर्ष म्हणजे शिडीची एक पायरी. न्यायमूर्तींचे प्रमाणपत्र, परदेशी विद्यापीठाचा प्रवेश, मोठ्या फर्मची नोकरी, असा त्यांचा हिशेब आहे, आणि तो त्यांच्या परीने अचूक आहे. या हिशेबाचे टोक पाहावयाचे असेल तर पुन्हा अमेरिकेकडे पाहावे. तेथील सर्वोच्च न्यायालयात एक वर्ष काढलेल्या क्लार्कला मोठ्या फर्म नुसत्या रुजू होण्यापोटी जो बोनस देतात, तो अलीकडच्या वर्षांत पाच लाख डॉलरच्या घरात गेल्याची वृत्ते आहेत. या रकमेत फर्म काय विकत घेते? कायद्याचे ज्ञान ग्रंथालयातही मिळते. न्यायमूर्ती कसा विचार करतात याची जाण मात्र विकत मिळत नसते. ती येथे बाजारात येते, आणि ज्याच्याकडे पैसा आहे तो ती घेतो. लोकांच्या पैशाने शिकवलेली विद्या भांडवलाच्या दाराशी नेऊन पोहोचविणारी अशी ही वाट आहे. आपल्याकडे बोलीचा आकडा लहान असेल. वाटेची दिशा तीच आहे.

याच उत्तराला आता एक नवे बळ मिळाले आहे. २० मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने दिवाणी न्यायाधीशाच्या पहिल्या पायरीच्या पदासाठी तीन वर्षांच्या वकिलीची अट पुन्हा घातली; २००२ साली ती काढून टाकण्यात आली होती. न्यायाधीश होणाऱ्याने आधी न्यायालय पाहिले पाहिजे, हा त्यामागील विचार आम्हालाही मान्य आहे. मात्र लॉ क्लार्क म्हणून केलेले कामही या अनुभवात धरावे, असे त्याच निर्णयात म्हटले आहे. म्हणजे खालच्या न्यायालयात विनामोबदला घासलेले वर्ष आणि चेंबरमध्ये मानधन घेऊन काढलेले वर्ष हिशेबाला सारखेच. ज्याची इंग्रजी चांगली, ज्याच्या महाविद्यालयात सशुल्क कायदेविषयक संगणक-संग्रह उपलब्ध होते, त्याला हा मार्ग सोपा. तालुक्याच्या विधी महाविद्यालयातून मराठीत विचार करीत आलेल्याला अवघड. जानेवारी २०२३ पासून सर्वोच्च न्यायालयाचे निवाडे ई-एससीआर या संग्रहावर विनामूल्य मिळू लागले, ही चांगली गोष्ट झाली. पण संग्रह मोफत झाला म्हणजे तो वापरण्याची तालीमही मोफत झाली, असे होत नाही.

आणि ज्या शिडीचे एवढे कौतुक चालते, तिची पायरी किती डळमळीत आहे तेही पाहावे. क्लार्कची नेमणूक कराराची. कायम होण्याचा हक्क नाही, सेवेची हमी नाही, कामाचे तास न्यायमूर्तींच्या सोयीने. एका माणसाच्या मर्जीवर वर्ष अवलंबून असते, आणि त्याच माणसाच्या शिफारशीवर पुढची वर्षे. अमेरिकेत २०१७ साली अपील न्यायालयाचे न्यायाधीश ॲलेक्स कोझिन्स्की यांच्यावर त्यांच्या माजी क्लार्क स्त्रियांनी लैंगिक गैरवर्तनाचे आरोप केले आणि त्यांनी निवृत्ती पत्करली. तोंड उघडावयाला कित्येकींना वर्षे लागली होती. बंद दाराआड, एकाच वरिष्ठाच्या हाताखाली, संघटनेशिवाय काम करणाऱ्याची स्थिती काय असते हे कामगार चळवळीला नव्याने शिकवावे लागू नये. कंत्राटी कामगारांचे भवितव्य ज्या चेंबरमध्ये लिहिले जाते, तेथे टिपणे काढणारा स्वतः कंत्राटी असतो, याची नोंद 'डोळे मिटून जा' म्हणणाऱ्यांनी घ्यावी. डोळे मिटून नव्हे, उघडे ठेवूनच जावे लागेल.

तिसरे उत्तर, 'आपला माणूस आत असावा', हे वरवर चळवळीच्या हिताचे दिसते. वस्तुतः ते सर्वांत भोळे आणि सर्वांत अनैतिक आहे. भोळे अशासाठी की, क्लार्कच्या टिपणाने निकाल लागत नाहीत. १९५२ साली विल्यम रेनक्विस्ट नावाच्या तरुण क्लार्कने अमेरिकन न्यायमूर्ती रॉबर्ट जॅक्सन यांच्यासाठी लिहिलेल्या टिपणात वर्णभेदी शाळांना अभय देणारा जुना निवाडा योग्यच होता आणि तो कायम ठेवावा, असे म्हटले होते. ते आपले नव्हे, न्यायमूर्तींचे मत होते, असा खुलासा त्याने पुढे केला. ते कोणाचेही असो. १९५४ साली त्या न्यायालयाने वर्णभेदी शाळांविरुद्ध एकमताने निकाल दिला आणि जॅक्सन त्या निकालात सामील होते. निकाल बदलला तो टिपणाने नव्हे. एकामागून एक खटले उभे करणाऱ्या संघटित कृष्णवर्णीयांच्या दीर्घ झगड्याने त्यासाठी भूमी तयार केली होती.

आणि अनैतिक अशासाठी की, चेंबरमध्ये ऐकलेला शब्द बाहेर न्यावयाचा नसतो. तो मालकाकडे नेणे जितके गैर, तितकेच युनियनकडे नेणेही गैर. न्यायव्यवस्थेत सत्ताधाऱ्यांचे आणि धनिकांचे कान पोहोचतात म्हणून आपण ओरड करतो. मग आपलाही एक कान तेथे असावा, अशी इच्छा धरणे म्हणजे त्याच रोगाची लस म्हणून तोच रोग टोचून घेणे होय. हा साथी परत आल्यावर चळवळीतील कोणीही त्याला चेंबरमधला एक शब्दही विचारता कामा नये. विचारलाच, तर उत्तर न देण्याचे बळ त्याच्यात असले पाहिजे, आणि त्या मौनाबद्दल पक्षाने त्याचा आदर केला पाहिजे.

मग हे वर्ष घ्यावयाचे कशासाठी? आमचे उत्तर असे की, कायद्याचे वाचन कसे घडते ते शिकण्यासाठी. कामगारवर्गाने गेल्या पन्नास वर्षांत अनेक लढाया रस्त्यावर गमावल्या, तशा काही कायद्याच्या वाचनातही गमावल्या. १९९६ साली एअर इंडियाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की, कंत्राटी पद्धत बंद करण्याची अधिसूचना निघाली की त्या कामावरचे कंत्राटी कामगार मूळ मालकाकडे सामावले जावेत. अवघ्या पाच वर्षांच्या आत, २००१ साली, स्टील अथॉरिटीच्या प्रकरणात पाच न्यायमूर्तींच्या पीठाने तो निवाडा रद्दबातल ठरविला. कायदा तोच, कलमे तीच, शब्दही तेच. फिरले ते वाचन. हे वाचन हवेत फिरत नाही. उदारीकरणाच्या दशकाचे वारे त्यात होते, हे आम्ही विसरत नाही. न्यायालय हे वर्गीय समाजाबाहेरचे बेट नव्हे. पण वारे कोणतेही असो, निवाडा अखेर युक्तिवादातून, पूर्वनिर्णयांतून आणि नोंदलेल्या पुराव्यातून रचला जातो. २००६ च्या उमादेवी निवाड्याच्या आडोशाने वर्षानुवर्षे हंगामी कामगारांना दारातून परत पाठविले गेले. आणि डिसेंबर २०२४ मध्ये जग्गो यांच्या प्रकरणात, केंद्रीय जल आयोगात दीर्घकाळ राबलेल्या सफाई आणि बागकाम करणाऱ्यांना सेवेत कायम करण्याचा आदेश देताना, त्या निवाड्याचा असा गैरवापर होता कामा नये, असे सर्वोच्च न्यायालयाने बजावले. तो जुना निवाडा कोठे लागू होतो आणि कोठे होत नाही, हे नेमकेपणाने मांडणारा वकील आपल्याला हवा आहे. तो आकाशातून पडणार नाही.

आज तर त्याची निकड अधिक आहे. २१ नोव्हेंबर २०२५ रोजी चार श्रमसंहिता अंमलात आल्या. ले-ऑफ, कामगारकपात आणि बंदीसाठी सरकारी परवानगीची मर्यादा केंद्रीय कायद्यातील १०० कामगारांवरून ३०० वर गेली. संपासाठी १४ दिवसांच्या पूर्वसूचनेचे बंधन सर्व आस्थापनांना लागू झाले. मुदतीच्या नोकरीला कायद्याची मान्यता मिळाली. आणि वाद निकाली काढण्यासाठी दोन सदस्यांच्या न्यायाधिकरणाची तरतूद झाली, ज्यात एक सदस्य प्रशासनातील असेल. या संहितांविरुद्ध रस्त्यावरचा लढा चालूच राहील आणि राहिलाच पाहिजे. पण येत्या दहा वर्षांत यांतील एकेका शब्दाचा अर्थ न्यायालयात ठरणार आहे. १८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेल्या गिरणी संपात सुमारे अडीच लाख कामगार उभे राहिले, तरी १९४६ च्या कायद्याने बहाल केलेले 'प्रातिनिधिक युनियन'चे बिरुद दुसऱ्याच संघटनेकडे होते, आणि त्या एका बिरुदाआड मालक आणि सरकार लपून राहिले. कायद्याच्या एका शब्दाची किंमत मुंबईने मोजली आहे.

म्हणून आमचे म्हणणे असे : जावे, परंतु पायरीने जावे. प्रथम किमान एक वर्ष खालच्या न्यायालयात, जमल्यास कामगारांच्या प्रकरणांत, काढावे. तेथे मस्टरवर नाव नसलेला कामगार आपण दहा वर्षे काम केले हे कसे शाबीत करतो, सरतपासात काय राहून जाते, उलटतपासात काय कोसळते, रोजनाम्यात न आलेली गोष्ट पुढे कशी 'घडलीच नाही' ठरते, हे दिसते. हे न पाहता जो सरळ चेंबरमध्ये जातो, त्याला कागदांच्या गठ्ठ्यामागे माणूस असतो हे कळावयाला फार वेळ लागतो. कृष्ण अय्यर यांची न्यायबुद्धी दिल्लीत घडली नव्हती. मलबारच्या शेतकरी-कामगारांचे खटले चालविताना, १९४८ च्या स्थानबद्धतेत आणि १९५७ च्या केरळ मंत्रिमंडळात ती घडली. १९७३ साली दिल्लीला ती फक्त पोहोचली. क्रम असा असावा.

आणि परतीची तारीख आधी ठरवावी. एक वर्ष. मुदतवाढ मिळाली तरी नको. पहिले वर्ष शिकण्याचे असते. दुसऱ्या वर्षी सवय लागते, दिल्लीचे घरभाडे, दिल्लीची ओळख आणि दिल्लीची भाषा अंगवळणी पडते. आपल्या तालुका न्यायालयांचे काम मराठीत चालते. जो साथी इंग्रजी टिपणांची सफाई शिकून येईल, त्याने ती मराठीतल्या तक्रारअर्जात उतरविली नाही, तर ते वर्ष कोणाच्या कामी आले?

पण ही अट घालण्याचा अधिकार आपल्याला फुकट मिळत नाही. पहिल्या वर्षासाठी त्या मुलीला १५,००० रुपये कोण देणार? पक्षाकडे पैसा नाही, हे उत्तर आम्हाला पाठ आहे. ज्या युनियनचे ५०० सभासद आहेत, तिने दर सभासदामागे महिन्याला ३० रुपये काढले तर १५,००० होतात. ३० रुपये म्हणजे दोन-तीन कप चहा. हार-तुऱ्यांवर, फलकांवर आणि नेत्यांच्या वाढदिवसांवर आपण याहून अधिक उधळतो. प्रत्येक जिल्ह्यात एका ज्युनिअरचे विद्यावेतन उचलणारा निधी उभा राहिला, तर कोणी गेले म्हणून हसण्याची वेळ येणार नाही, आणि परत ये म्हणण्याचा हक्कही मिळेल. त्याचबरोबर बार कौन्सिलची विद्यावेतनाची शिफारस बंधनकारक करावी, ही मागणी वकील संघटनांतील आपल्या साथींनी लावून धरावी. ही मागणी केवळ वकिलांची नाही. उद्या आपली बाजू मांडावयाला कोणाच्या घरातला वकील उभा राहणार, याचा तो प्रश्न आहे.

शिबिरात त्या मुलीला आम्ही एवढेच सांगितले की, अर्ज भर. पण त्याआधी येथे एक वर्ष काढ. ती म्हणाली, "काढते. पण वर्षभर घरी काय सांगू?" या प्रश्नावर कोणी हसले नाही. उत्तरही कोणी दिले नाही. जिल्हा समितीच्या येत्या बैठकीत या निधीचा विषय आम्ही मांडणार आहोत, आणि त्या दिवशी बैठक संपण्यापूर्वी निधीची पहिली पावती फाटली पाहिजे.